आपल्या कारखान्यातला कार्बन नेमका कुठल्या दारातून बाहेर पडतो? (ओतकाम, सिमेंट, शीतगृह, प्रोसेस, साखर)

ओतारी | रविवार, रात्री ९.५०

नमस्कार मंडळी. मी कोल्हापूरजवळच्या एका मध्यम फाउंड्रीत मेल्टिंग विभाग सांभाळतो. गेल्या महिन्यात आम्ही ज्यांना कास्टिंग (ओतून केलेले लोखंडी भाग) पुरवतो त्या ग्राहकाकडून एक तक्ता आला. एक किलो कास्टिंगमागे किती कार्बन डायऑक्साइड सुटतो ते भरून पाठवा, मुदत पंधरा दिवस. ऑफिसमधल्यांनी तो माझ्या टेबलावर ठेवला. भट्टी माझी, म्हणून आकडाही माझा.

पहिले दोन दिवस मी वैतागलो होतो. मग बसून हिशेब मांडला आणि त्यात गुंततच गेलो. तोच हिशेब इथे ठेवतो. चुकलं असेल तर दुरुस्त करा. मुख्य म्हणजे आपापल्या धंद्यातलं लिहा.

आमची भट्टी इंडक्शनची, म्हणजे विजेवर चालणारी आहे. एक टन लोखंड वितळवायला आमच्याकडे सरासरी ६०० युनिट वीज लागते. देशाच्या ग्रिडमधल्या एका युनिटमागे ०.७ किलोपेक्षा थोडा जास्त कार्बन डायऑक्साइड सुटतो. केंद्रीय विद्युत प्राधिकरण हा आकडा दरवर्षी काढतं. मी ०.७२ धरला. म्हणजे वितळलेल्या टनामागे सुमारे ४३० किलो.

पण आपण विकतो ते वितळलेलं लोखंड नाही, विकतो ते चांगलं कास्टिंग. रनर (साच्यात लोखंड नेणारे पाट), रायझर (थंड होताना आकसणाऱ्या कास्टिंगला लोखंड पुरवणारा साठा), रिजेक्शन हे सगळं परत भट्टीत जातं. आमचं यील्ड, म्हणजे वितळलेल्यातला चांगला माल, ६० टक्के आहे. महिन्याला ५०० टन चांगला माल द्यायचा तर ८३३ टन वितळवावं लागतं. यील्ड ६५ वर नेलं तर ७६९ टनांत काम होतं. ६४ टन कमी, म्हणजे ३८ हजारांवर युनिट, म्हणजे महिन्याला २७ टनांहून जास्त कार्बन डायऑक्साइड. रुपयांत तीन लाखांच्या पुढे. यासाठी नवं मशीन घ्यायचं नाही. पॅटर्नवरचं (साच्याच्या नमुन्यावरचं) गेटिंग, म्हणजे लोखंड आत जायची वाट, पुन्हा आखायचं आणि रायझरवर स्लीव्ह (उष्णता धरणारं कवच) लावून तो लहान करायचा. ही गोष्ट आमच्या पॅटर्न शॉपमधले जुने कारागीर दहा वर्षं सांगत आहेत.

दुसरं, भट्टी तापून तयार असते आणि मोल्डिंगवरून (साचे बनवतात तिथून) निरोप येतो, ‘साहेब, अजून बॉक्स लागायचेत.’ मग १,४५० अंशांचं लोखंड तसंच धरून ठेवायचं. वर झाकण नाही. वीज चालू. ती वीज कास्टिंगमध्ये जात नाही, शेडच्या पत्र्यात आणि भट्टीपुढे उभ्या असलेल्या मेल्टरच्या अंगात जाते.

तिसरं मला हिशेब मांडेपर्यंत माहीतच नव्हतं. चार्जमध्ये (भट्टीत टाकायच्या मालात) आम्ही १० टक्के पिग आयर्न (खनिजातून काढलेलं कच्चं लोखंड) टाकतो. झोतभट्टीतून येणाऱ्या पिग आयर्नच्या एका टनामागे सुमारे दोन टन कार्बन डायऑक्साइड आधीच सुटलेला असतो. म्हणजे आमच्या प्रत्येक टनात २०० किलो तिथूनच आला. विजेच्या जवळजवळ निम्मा! भट्टीकडे बघत बसलो आणि हे दार स्टोअरच्या बाजूला उघडं होतं.

तुमच्याकडे कुठलं दार उघडं आहे?

---

भाता | रविवार, रात्री ११.१५

ओतारी भाऊ, धागा काढलात ते बरं केलंत. मी तीस वर्षं शिरोलीत ओतकाम केलं, त्यातली पहिली वीस क्युपोलावर (कोक जाळून लोखंड वितळवणाऱ्या उभ्या भट्टीवर). आता निवृत्त आहे. एक प्रश्न विचारतो, राग मानू नका.

क्युपोलाला धूर होतो म्हणून सगळे इंडक्शनवर गेले आणि ‘प्रदूषण संपलं’ म्हणाले. पण हिशेब करा. नीट चालवलेल्या क्युपोलात आठ किलो लोखंडामागे एक किलो कोक लागतो. म्हणजे टनाला १२५ किलो कोक. एक किलो कोक जळला की तीन किलोंच्या आसपास कार्बन डायऑक्साइड. झाले ३७५ किलो, वर थोडा चुनखडीचा. तुमचे वीजवाले ४३०. मग सुधारलं काय?

---

ओतारी | सोमवार, सकाळी ६.२०

काका, राग कसला. हाच प्रश्न मलाही पडला होता.

तुमचा क्युपोला नीट चालत होता. मी पाहिलेल्या कित्येकांत आठाला एक सोडा, पाचाला एक कोक जायचा. हवा एकाच रांगेतून, कोकचे तुकडे लहानमोठे, वजन डोळ्यांनी. त्यांचा आकडा ६०० च्या वर जातो. हवा दोन रांगांतून देणाऱ्या क्युपोलात कोक बराच वाचतो हेही खरं.

पण तुमचा मुद्दा मला मान्य आहे. कोळशाच्या विजेवर चालणारी इंडक्शन भट्टी म्हणजे धुराडं आपल्या आवारातून उचलून चंद्रपूरला नेऊन ठेवणं. आपल्या शेडमधली आणि आजूबाजूच्या वस्तीची हवा सुधारते. ते लहान काम नाही, पण आकाशाला फरक पडत नाही. फरक इतकाच की क्युपोला उद्याही कोकच खाणार आणि इंडक्शनला उद्या सौर वीज देता येते.

आम्ही पूर्वी रात्री वितळवायचो, कारण रात्रीच्या विजेला सवलत होती. आता ती सवलत दिवसाच्या सौर तासांकडे सरकली आहे आणि संध्याकाळचा दर चढा आहे. त्यामुळे हीट (भट्टीचा एकेक घाणा) दिवसा घेण्याकडे आम्ही वळतो आहोत. चारपाच फाउंड्रींनी मिळून सामायिक सौर प्रकल्प काढायची बोलणी चालू आहेत. त्यात वीज घेणाऱ्यांचा भांडवलात किमान २६ टक्के वाटा लागतो आणि निदान ५१ टक्के वीज त्यांनीच वापरावी लागते. एकट्याने झेपत नाही, पाचांनी झेपतं. पण पाच मालक एका टेबलावर आणणं भट्टी पेटवण्याहून अवघड आहे.

---

क्लिंकर | सोमवार, दुपारी १.०५

सिमेंटचं मी सांगतो. राजुरा-कोरपना पट्ट्यात पंधरा वर्षं किल्नवर (सिमेंटच्या फिरत्या भट्टीवर) आहे.

आमची गोष्ट तुमच्यापेक्षा वेगळी आणि जास्त अवघड आहे. तुमचा कार्बन इंधनातून येतो, आमचा निम्म्याहून जास्त दगडातून. शंभर किलो शुद्ध चुनखडी तापवली की ५६ किलो चुना उरतो आणि ४४ किलो कार्बन डायऑक्साइड म्हणून उडून जातो. उद्या किल्न देवाच्या कृपेने उन्हावर चालली, तरी हे ४४ किलो जाणारच. किल्नमधून निघणाऱ्या आणि दळून सिमेंट होणाऱ्या खड्यांना क्लिंकर म्हणतात; एक टन क्लिंकरमागे साधारण ८५० किलो सुटतो. त्यातला पाचशेच्या वर दगडाचा, बाकीचा कोळशाचा.

म्हणून आमच्याकडे सगळ्यात मोठं काम किल्नवर होत नाही, किल्नच्या नंतर होतं. क्लिंकर कमी वापरायचा. पीपीसी या मिश्र सिमेंटमध्ये ३५ टक्क्यांपर्यंत फ्लाय अॅश (कोळशाची राख) चालते, स्लॅग सिमेंटमध्ये त्याहून किती तरी जास्त स्लॅग (वितळलेल्या लोखंडावर तरंगणारा मळ) चालतो. चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राची राख आमच्या पिशवीत जाते. जितकी राख, तितका दगड कमी भाजायचा.

पुढची अडचण अशी की कोळशाची वीज जसजशी कमी होईल तसतशी राखही कमी होणार. म्हणून मला एलसी-थ्री या सिमेंटकडून आशा आहे. स्वित्झर्लंडमधलं लोझानचं तंत्रविद्यापीठ आणि आपल्या दिल्ली, मुंबई, मद्रास इथल्या आयआयटी, यांनी मिळून त्यावर काम केलं. त्यात ५० टक्के क्लिंकर, ३० टक्के भाजलेली माती, १५ टक्के न भाजलेली चुनखडी आणि ५ टक्के जिप्सम. माती भाजायला ७०० ते ८५० अंश पुरतात, क्लिंकरला १,४५० लागतात. आणि मातीतून निघतं ते पाणी. साध्या सिमेंटच्या तुलनेत ३० ते ४० टक्के घट. २०२३ मध्ये भारतीय मानक ब्युरोने त्याचं मानकही काढलं. माल बनवता येतो. आता मागणारे हवेत.

---

ओसरी | सोमवार, रात्री ८.३०

क्लिंकर दादा, मागणारी मी आहे. सध्या घराचं बांधकाम चालू आहे, सातारा तालुक्यात. ठेकेदार ठामपणे म्हणतात, ‘ताई, स्लॅबला साधं सिमेंट, ओपीसी ५३ च पाहिजे, पीपीसी कच्चं असतं.’ मी काय सांगू त्यांना?

---

क्लिंकर | सोमवार, रात्री ९.१०

ताई, पीपीसी कच्चं नसतं, सावकाश पिकतं. पहिल्या आठवड्यात ओपीसी पुढे असतं. महिना-दोन महिन्यांत पीपीसी त्याला गाठतं आणि पुढे त्याची घनताही चांगली होते, पाणी कमी झिरपतं. ठेकेदारांना घाई असते ती सेंट्रिंग काढून दुसऱ्या साइटवर न्यायची. खरं कारण बहुतेक तेच असतं.

फक्त एक पाळा. क्युरिंग. ओपीसीला किमान ७ दिवस, मिश्र सिमेंटला किमान १०. आपल्या उन्हात १४ करा. स्लॅबवर वाफे घालून पाणी साठवा. सेंट्रिंग कधी काढायचं ते तुमच्या इंजिनिअरना विचारा, ठेकेदारांना नाही.

---

ओसरी | सोमवार, रात्री ९.२५

वाफ्यांचं आईच करेल, तिला रोज पाणी घालायची सवयच आहे. धन्यवाद, उद्या इंजिनिअरना फोन करते.

---

सह्यकडा | मंगळवार, सकाळी ७.४५

सगळ्यांचा आदर ठेवून लिहितो. भारतात दरडोई कार्बन डायऑक्साइड वर्षाला दोन टनांच्या आसपास, अमेरिकेत चौदाच्या आसपास. दीडशे वर्षं कोळसा जाळून त्यांनी कारखाने उभारले. आता आपल्या फाउंड्रीवाल्यांनी तक्ते भरायचे? युरोपने तर लोखंड, पोलाद, सिमेंट, अॅल्युमिनियम, खत यांच्या आयातीवर कार्बनची आकारणी आणली. २०२३ च्या ऑक्टोबरपासून फक्त माहिती मागत होते, २०२६ पासून पैसे. याला न्याय म्हणायचं का?

---

ओतारी | मंगळवार, रात्री १०.००

सह्यकडा, न्याय नाही. तुमच्या आकड्यांशी माझं भांडण नाही आणि आपल्या सरकारने बाहेर हा मुद्दा लावूनच धरावा. ज्यांनी जास्त केलं त्यांनी जास्त भरावं, तंत्रज्ञान द्यावं.

पण मी रोज काय बघतो ते सांगतो. झाकण नसलेल्या भट्टीपुढे आमचा मेल्टर उभा असतो. मे महिन्यात पाळी संपते तेव्हा त्याच्या बनियनवर मिठाचे पांढरे पट्टे उठलेले असतात. भट्टी उघडी ठेवून जी वीज उडते तिने अमेरिकेचं काही बिघडत नाही. त्याच्या तोंडावर मात्र ती रोज उडते. कोणी मागितलं नसतं तरी ते झाकण बसवायलाच हवं होतं. हे मी दहा वर्षं आधी करायला हवं होतं, ही बोच मला आहे.

---

गारवा | मंगळवार, रात्री ११.३०

मी नाशिक भागात शीतगृहांची आणि द्राक्षांच्या प्रीकूलिंगची दुरुस्ती करतो. आमचं दार तर कोणालाच दिसत नाही, कारण त्यातून धूर येत नाही, वास येत नाही.

लहान युनिटमध्ये आर-४०४ए नावाचा गॅस असतो. त्याचा एक किलो हवेत गेला की तो शंभर वर्षांच्या हिशेबाने ३,९०० किलोंहून जास्त कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता धरतो. दहा किलोंचं सिलिंडर म्हणजे ३९ टन. डिझेलच्या एका लिटरला २.७ किलो धरलं तर साडेचौदा हजार लिटर डिझेल. एका सिलिंडरमध्ये!

आणि आमच्या धंद्यात काय चालतं? हंगाम सुरू होतो, फोन येतो, ‘मिस्त्री, कूलिंग कमी झालंय, गॅस मारून जा.’ मी जातो, गॅस मारतो. गेल्या वर्षीचा गेला कुठे, हे ना ते विचारत ना मी. गाडीत द्राक्षं भरून उभी असतात, मालकाचा जीव खालीवर होत असतो, तेव्हा गळती शोधायला वेळ नसतो.

तीन हंगामांपूर्वी मी एक नियम केला. गळती सापडल्याशिवाय गॅस भरायचा नाही. हंगामाच्या आधी, ऑक्टोबरात, नायट्रोजनने दाब द्यायचा, रात्रभर ठेवायचा, सकाळी काटा बघायचा. काटा उतरला असेल तर साबणाचा फेस घेऊन एकेक जोड तपासायचा. दहापैकी आठ वेळा फ्लेअर नटवरच बुडबुडा येतो. जमेल तिथे तो जोड काढून ब्रेझिंग (पक्कं झाळकाम) करायचं. युनिट उघडताना आतला गॅस हवेत न सोडता मशीनने सिलिंडरमध्ये ओढून घ्यायचा. दोन गिऱ्हाइकं तुटली, म्हणाली हा फार वेळ लावतो. बाकीची टिकली, कारण त्यांचं गॅसचं बिल संपलं.

मोठ्या शीतगृहांत आणि डेअऱ्यांत अमोनिया असतो. त्याचा हवामानावर असा परिणाम जवळजवळ शून्य. विषारी आहे, शिस्त लागते, पण गळला तर नाकाला लगेच कळतं. निदान तो लपत नाही.

---

क्लिंकर | बुधवार, सकाळी ८.००

गारवा, ही पोस्ट वाचून थक्क झालो. आमच्या प्लांटमधल्या एसींचं असं ऑडिट कधीच झालं नसेल. आजच विषय काढतो.

---

मांजरपाट | बुधवार, दुपारी ४.४०

इचलकरंजी. कापड प्रोसेस. बॉयलर सुपरवायझर.

आमच्याकडे कार्बन वाफेतून जातो. कोळसा जाळून वाफ, वाफेवर रंगाई, धुलाई, सुकवणी. काम झालं की वाफेचं गरम पाणी होतं, त्याला कंडेन्सेट म्हणतात. ते पाणी शुद्ध असतं, नव्वद अंशांच्या आसपास असतं आणि आमच्याकडे अनेक वर्षं ते गटारात जायचं. थंडीत सकाळी पाळीवर येताना गटारातून वाफ निघताना दिसायची. पोरं हात शेकायची. ती वाफ म्हणजे आमचा कोळसा होता हे कळायला मला आठ वर्षं लागली.

मग पाइप टाकून ते पाणी बॉयलरच्या टाकीत परत आणलं. टाकीचं पाणी ३५ अंशांचं होतं, ते ८० वर गेलं. बॉयलरला जाणारं पाणी सहा अंशांनी गरम झालं की इंधन एक टक्का वाचतं, हा जुना ठोकताळा. म्हणजे सात-साडेसात टक्के कोळसा कमी. त्यासोबत बिघडलेले स्टीम ट्रॅप (वाफ अडवून फक्त पाणी सोडणारे व्हॉल्व्ह) बदलले आणि उघड्या व्हॉल्व्हना उष्णता अडवणारी जॅकेटं शिवून घातली.

आता कोळशाऐवजी ब्रिकेटवर (दाबून केलेल्या इंधनाच्या कांड्यांवर) जायचं चाललं आहे, शेंगांच्या टरफलाच्या आणि भुशाच्या. पण पावसाळ्यात माल ओला येतो आणि भाव मागतील तो. कोणाचा अनुभव?

---

चिपाड | बुधवार, रात्री ९.१५

मांजरपाट, ब्रिकेट वजनावर घेऊ नका, ओलाव्याची अट घालून घ्या. गाडीतल्या चार ठिकाणचा नमुना काढून ओव्हनमध्ये सुकवून बघायचा. पावसाळ्याचा साठा मेमध्येच शेडखाली घ्या.

मी साखर कारखान्यात केमिस्ट आहे. आमची बाजू जरा उजवी दिसते, कारण आमचं इंधन बगॅस, म्हणजे उसाचं चिपाड. उसाने वाढताना हवेतून घेतलेला कार्बनच परत जातो. टन उसामागे २८०-३०० किलो बगॅस मिळतं. जुन्या २१ किंवा ३२ किलो (दर चौरस सेंटिमीटरला) दाबाच्या बॉयलरमध्ये ते कसंबसं कारखान्यापुरतं व्हायचं. ८७ किंवा ११० दाबाचे बॉयलर आले तेव्हापासून तेवढ्याच बगॅसमधून कारखाना चालून वर वीज ग्रिडला विकता येते.

पण आमचंही दार आहे. डिस्टिलरीचा स्पेंटवॉश (अल्कोहोल काढून उरलेलं सांडपाणी) उघड्या खड्ड्यात सडला तर मिथेन सुटतो, आणि मिथेन शंभर वर्षांच्या हिशेबाने कार्बन डायऑक्साइडच्या २७ पटींहून जास्त तापवतो. तोच बंद टाकीत सडवला तर बॉयलरचं इंधन होतं. प्रेसमडचंही (रस गाळून उरलेल्या गाळाचंही) तसंच. ढिगात कुजवण्याऐवजी आता त्यातून दाबलेला बायोगॅस काढतात.

आणि शेतात बघा. उसाला गरजेपेक्षा जास्त टाकलेल्या युरियाचा काही भाग नायट्रस ऑक्साइड होऊन उडतो, तो २७० पटींहून जास्त. पाचट पेटवण्याऐवजी सरीत पसरलं तर ओल टिकते आणि खतही कमी लागतं. हे सांगायला मी शेतकी विभागाच्या लोकांबरोबर बांधावर जातो. काही जण ऐकतात. खोडव्याला पाणी कमी लागलेलं स्वतः बघितलं की जास्त ऐकतात.

---

उत्तरध्रुव | गुरुवार, पहाटे ३.१०

स्वीडनमधून लिहितो. इथे उत्तरेला लुलेओ गावी कोकऐवजी हायड्रोजनने लोहखनिजातलं लोखंड काढायचा पथदर्शी प्रकल्प २०२० मध्ये सुरू झाला आणि २०२१ मध्ये त्या पोलादाचा पहिला माल ग्राहकाला गेला. कोक ऑक्सिजन ओढून घेतो तेव्हा कार्बन डायऑक्साइड होतो, हायड्रोजन ओढतो तेव्हा पाणी.

पण भाता काकांचा प्रश्न इथेही लागू पडतो. अशा पोलादाला टनामागे साधारण ३,५०० युनिट वीज लागते. इथली वीज नद्यांची आणि वाऱ्याची, म्हणून जमलं. ओतारींचा ०.७२ घेतला तर एका टनाला अडीच टन होतात, म्हणजे कोकच्या पोलादाइतकेच. भारतात आधी वीज स्वच्छ हवी, मग हायड्रोजन. तोपर्यंत भंगार नीट वेगळं करून पुन्हा वितळवणं हाच मला जवळचा रस्ता वाटतो.

---

भाता | गुरुवार, सकाळी ९.००

भंगाराचं बरोबर बोललात. पण ओतारी भाऊ, गंजकं आणि वाळू चिकटलेलं भंगार टाकाल तर स्लॅग वाढेल, आणि स्लॅगही वीज खाऊनच वितळतो. रनर-रायझर चार्जमध्ये टाकण्याआधी ड्रममध्ये फिरवून वाळू झाडून घ्या. आणि पिग आयर्न कमी करताना एकदम नको. स्टील स्क्रॅप आणि कार्बरायझर (लोखंडातला कार्बन वाढवणारी पूड) वाढवताना प्रत्येक हीटचा नमुना बघा, नाहीतर कास्टिंगला चिल (कडक, ठिसूळ थर) येईल, मशीन शॉपमध्ये टूल तुटतील आणि खापर तुमच्यावर फुटेल.

---

ओतारी | पुढचा बुधवार, रात्री १०.२०

काका, ऐकलं. पिग आयर्न १० वरून ७ वर आणलं, रोज थोडं थोडं. चिल अजून कुठे नाही.

आठ दिवसांत एवढं केलं. वर्कशॉपमध्ये जाड प्लेटला आतून सिरॅमिक ब्लँकेट लावून एक झाकण बनवलं, चेन ब्लॉकवर टांगलं. मीटरचं वाचन प्रत्येक हीटच्या नंबरसमोर वहीत लिहिलं. झाकण ठेवलेल्या हीट टनाला सरासरी ५९२ युनिट, उघड्या ६१८. शिवाय साधारण चारांतली एक हीट वीस मिनिटांहून जास्त थांबली होती, प्रत्येक वेळी मोल्डिंगसाठी. ती वही मी मोल्डिंगच्या फोरमनपुढे ठेवली. ते म्हणाले, ‘मला हे कोणी दाखवलंच नव्हतं.’ आता सकाळी बॉक्स मोजूनच भट्टीला चार्ज सांगायचं ठरलं आहे.

ग्राहकाच्या तक्त्यात आकडा भरला, पिग आयर्नसकट. जास्त दिसतो, पण खरा आहे.

मेल्टर म्हणतो, तोंडावरची धग कमी झाली, पण चेन ओढून खांदा दुखतो. दर दहा मिनिटांनी उचल-ठेव करावी लागते. हायड्रॉलिक झाकणाचं कोटेशन मागवलं आहे. दीड टनाच्या भट्टीवर कोणी ते वापरत असेल तर त्याचे सील उष्णतेत किती दिवस टिकतात, तेवढं सांगा.